तीन हाका

पाणी मांड्यांपर्यंत आलं तेव्हा म्झे शाबानी थांबले आणि मागं न बघताच म्हणाले, "बूट काढ. बुटांचा आवाज होतो."

"तळाला काय असेल, काय सांगावं," मी म्हणालो.

"तळाला चिखल आहे. चिखल कुणाला चावत नाही."

मी एका हातानं होडीची कड धरली आणि एकेक बूट काढून आत टाकला. होडी कसली, पोखरलेला ओंडका तो. तिच्यात जाळी, बांबूच्या टोपल्या, आणि मागच्या टोकाला शाबानींची मुलगी झैतुनी पाय पोटाशी घेऊन बसलेली. ती हसली नाही, पण तिनं तोंड फिरवलं एवढं मला दिसलं.

हे टांझानियातलं, सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यातलं. देशाच्या दक्षिणेला डोंगरांच्या पायथ्याशी एक मोठं मैदान आहे. पावसाळ्यात डोंगरावरच्या नद्या तिथं उतरतात, पसरतात आणि मधोमध मैलोन् मैल दलदल होऊन बसतात. त्या दलदलीच्या काठावर आमचा भाताचा मळा होता. मी मूळचा फलटणकडचा. शेतकीची पदवी घेऊन काही वर्षं इकडं तिकडं काढली आणि मग त्या मळ्यावर पिकाच्या राखणीचा अधिकारी म्हणून तीन वर्षांच्या करारावर गेलो. तिथं मला सगळे ब्वाना शांबा म्हणत, म्हणजे शेतीसाहेब. शाबानी उत्तरेकडच्या कोंडोआ भागातले. पाखरं धरणं हा त्यांच्या घराचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. पाखरांच्या मागं मागं ते दरवर्षी चार महिने आमच्या दलदलीच्या काठी येऊन राहत. पाखरं धरायची, झैतुनीनं ती सोलून धुरावर वाळवायची, पोती भरून बाजारात पाठवायची. त्यांची बायको गावी शेळ्या सांभाळून राहायची. 'म्झे' म्हणजे आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला 'बाबा' म्हणतात, तसं.

ते तिथं असताना, दोन्ही मोसमांत, माझा एकही रविवार त्यांच्याशिवाय गेला नव्हता. आधी मी कंटाळा घालवायला म्हणून गेलो. मग चटक लागली. मी लहानपणी निरेच्या कालव्यावर शेकाट्या बघितला होता, घोंगल्या फोडा बघितला होता, पण नुसता बघितला होता. कोण कुठं राहतं आणि का राहतं हे मला म्झेंनी शिकवलं. त्यांच्या लेखी दलदल म्हणजे एक गाव होतं आणि त्यात आळ्या होत्या. काठालगतचं आखूड गवत ही तुरेवाल्या क्रौंचांची आळी. डोक्यावर सोनेरी काड्यांचा मुकुट, आणि जोडीजोडीनं समोरासमोर उड्या मारत नाचायचे. त्याच्या आत गुडघाभर पाण्यात शेकाटे, बगळे, घोंगल्या फोडे. मग पुरुषभर उंचीचं पाणकणीस. तिथं सुगरणींची घरटी, आणि जमिनीलगत भोवत्या ससाण्यांचा संसार. त्याच्या पलीकडं पपायरसचं दाट रान, तिथली पाखरं डोळ्यांना कमी आणि कानांना जास्त दिसायची. आणि मधल्या उघड्या पाण्यावर कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, वर वाळक्या झाडावर मत्स्यगरुड.

"याला तुझ्याकडं काय म्हणतात?" ते विचारायचे.

"शेकाट्या."

"शे-का-ट्या," ते म्हणायचे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. मग दिवसभर तोच शब्द. झैतुनीनं तर मलाच ते नाव ठेवलं होतं, पाय लांब म्हणून. पण ते तिनं मला पुष्कळ दिवस कळू दिलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र मी पाखरं बघायला गेलो नव्हतो. मला रातथारा हवा होता.

मळ्यावर त्या मोसमात क्वेलिया उतरले होते. चिमणीएवढं पाखरू, लाल चोच, दिसायला गरीब. एकटं दिसलं तर तुम्ही त्याला तांदूळ टाकाल. पण ते एकटं कधीच नसतं. सकाळी आठच्या सुमाराला दलदलीवरून काळा धूर उठावा तसे यायचे, आणि तो धूर एका खाचरावर बसला की दहा मिनिटांत लोंब्या रिकाम्या. दाणा नुकता चिकात होता. मळ्यावरची चारशे माणसं माळ्यांवर उभी राहून डबे बडवत होती, गोफणी फिरवत होती. पाखरं इथून उठून तिथं बसायची. मी रोज संध्याकाळी लोंब्या मोजून नुकसानीचा आकडा काढायचो आणि तो रोज वाढायचा.

यावर इलाज एकच होता. पाखरं दिवसा कुठंही चरोत, रात्रीला लाखोंनी एकाच जागी वस्तीला जातात. तो रातथारा शोधायचा आणि दिवस बुडताना ती बसली की विमानातून औषध फवारायचं. आपल्याकडं विषालाही औषधच म्हणतात, तेच मी इथं म्हणतो. मळ्याचे व्यवस्थापक ब्वाना किमारो होते, किलिमंजारोकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी मला बोलावून एवढंच सांगितलं होतं, "रणवरे, विमान मागवता येईल. पण कुठं पाठवू, ते तुम्ही सांगा."

आणि ते सांगू शकणारा माणूस मला एकच माहीत होता.

आम्ही पाणकणसात शिरलो तेव्हा सूर्य हातभर वर होता. म्झेंनी मला होडीत चढवलं, तिघंही गप्प बसलो. आधी काहीच नव्हतं. मग उत्तरेकडून एक पट्टा आला, मग पूर्वेकडून दुसरा, आणि बघता बघता आभाळ खाली आलं. लाखो पंखांचा आवाज पावसासारखा नसतो. दूर कुठं धरणाचं दार उघडावं, तसा असतो. पाणकणसाची ताटं त्यांच्या भारानं वाकली, पाण्याला टेकली. माझ्या खांद्यावर, होडीच्या कडेवर, झैतुनीच्या डोक्यावरच्या फडक्यावर पाखरं बसली. मी श्वास रोखून बसलो होतो. म्झेंनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"चोवीस वर्षं बघतोय," ते म्हणाले. "दरवेळी भीती वाटते."

परतताना त्यांनी मला काठावर उतरवलं आणि विचारलं, "आता विमान येणार ना?"

मी कबूल केलं. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"मला ठाऊक होतं. पाखरांची नावं लिहायची वही तू आज एकदाही काढली नाहीस." ते थोडा वेळ वल्ह्यावर हनुवटी टेकून उभे राहिले. त्यांच्या भाषेत पाखराला आणि विमानाला एकच शब्द आहे, न्देगे. "तुमची न्देगे आमची न्देगे खाणार," ते म्हणाले. "खाऊ दे. भात तुमचा आहे, लोकांनाही जेवायचंय. पण मला शुक्रवारपर्यंत दिवस दे. आज शनिवार. एवढ्या दिवसांत आमची पोती भरतील. मग आम्ही निघून जाऊ. औषध पडलेल्या पाण्यात मला पोरीला उतरवायचं नाही."

"शुक्रवारच्या आधी विमान येणार नाही," मी म्हणालो. "माझा शब्द."

हे मी मनापासून म्हणालो होतो. किमारोंनीच मला सांगितलं होतं की विमान दुसऱ्या जिल्ह्यात आहे, शुक्रवारी मोकळं होईल. रविवारी सकाळी मी ऑफिसातल्या भिंतीवरच्या नकाशावर लाल पेन्सिलीनं गोल काढला. माझा हात अडखळला नाही. शुक्रवारला अजून पाच दिवस होते.

मंगळवारी संध्याकाळी किमारोंनी निरोप पाठवला. विमान उद्याच येतंय. तिकडचं काम लवकर उरकलं, आणि गुरुवारी ते शेजारच्या देशात जाणार. उद्या नाही तर या मोसमात नाही.

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. "पाखरं धरणारी माणसं आहेत तिथं. मी त्यांना शुक्रवार सांगितलाय."

"मग त्यांना बुधवार सांगा," किमारो म्हणाले. ते चिडले नव्हते. त्यांच्या टेबलावर माझेच नुकसानीचे कागद होते. "उद्याचा सबंध दिवस आहे तुमच्याकडं."

सबंध दिवस नव्हता. पहाटेपासून धावपट्टीवरचं गवत कापायचं होतं, औषधाची पिंपं उतरवायची होती, ती मिसळताना मीच हजर असायला हवं होतं. दुपारी बारा वाजता मी माझा ड्रायव्हर म्वाक्युसा याला लँडरोव्हर देऊन म्झेंच्या तळावर धाडलं. तो दीड वाजता परत आला.

"भेटले?"

"तळावर कुणी नव्हतं. बाजाराला गेले असतील. शेजारी मासे वाळवणारा एक माणूस होता, त्याला सांगून आलोय. तो म्हणाला, आले की सांगतो."

"नीट सांगितलंस? आज संध्याकाळी, असं?"

"सांगितलं, ब्वाना. दोनदा."

मी पुन्हा पिंपांकडं वळलो. निरोप पोचला असं मी धरून चाललो. धरून चालणं सोयीचं होतं.

पाच वाजता आम्ही दलदलीच्या काठावर गेलो. पद्धत अशी की रातथाऱ्याच्या दोन टोकांना जमिनीवरून धूर करायचा. वैमानिकाला तो धूर दिसला की वाऱ्याची दिशा कळते आणि कुठून कुठवर फवारायचं तेही कळतं. धूर दिसला नाही तर तो औषध सोडत नाही, वळसा घेऊन परत जातो. म्वाक्युसा पश्चिमेच्या टोकाला, पूर्वेच्या टोकाला मी. निघताना किमारोंनी बजावलं होतं की पाखरं उतरत असताना कुणी आवाज करायचा नाही, गाडीसुद्धा लांब ठेवायची. बिथरली तर उठून दुसरीकडं जातील, आणि विमान पुन्हा मिळणार नाही.

माझी जागा म्झेंच्या तळापासून दोनशे पावलांवर होती. मी तिथं जाऊन आलो. झोपडीचं दार दोरीनं बांधलेलं. वाळवणाच्या तट्ट्यांवर पाखरांच्या ओळी. चुलीवर हात धरला, राख गार होती. होडी नेहमी एका उंबराच्या मुळाशी बांधलेली असायची. तिथं होडी नव्हती.

मी परत येऊन ओल्या गवताच्या भाऱ्याजवळ उभा राहिलो.

पाखरं आली. त्या दिवशीसारखीच, आधी एक पट्टा, मग दुसरा. पाणकणीस वाकलं. समोर आखूड गवतात क्रौंचांची दोन जोडपी चरत होती, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. सहा वाजून दहा मिनिटांनी विमानाचा आवाज ऐकू आला. पश्चिमेला म्वाक्युसाचा धूर वर चढलेला मला दिसला. मी काडी ओढली.

विमान ताडभर उंचीवरून गेलं. मागं पांढरट धुक्याचा पडदा उलगडत गेला आणि सावकाश खाली बसला. मग ते वळून पुन्हा आलं. दोन फेऱ्या, सगळं मिळून चार मिनिटं. सडक्या लसणासारखा वास माझ्यापर्यंत आला, तेव्हा मी तोंडावर फडकं धरलं. पाणकणसातून धरणाच्या दारासारखा येणारा तो आवाज आधी वाढला, मग फाटला, आणि मग पाण्यात काहीतरी टपटप पडू लागलं. मोहाची फुलं पडतात, तसं. थांबेचना.

त्या टपटपीतून मला झैतुनीचा आवाज आला. ती ओरडत नव्हती. वजन ओढताना माणूस कण्हतो, तसा आवाज होता.

ती छातीभर पाण्यातून होडी ओढत येत होती. होडीत म्झे आडवे पडले होते, अंगावर, तोंडावर, जाळ्यावर मेलेली पाखरं. ते होडीत उभे राहून दोन्ही हातांनी जाळं वर धरत होते तेव्हा पहिली फेरी त्यांच्या अंगावरून गेली, असं झैतुनीनं नंतर सांगितलं. त्यांनी आधी तिला पाण्यात ढकललं आणि वर टोपली पालथी घातली. मग खाली बसायचं त्यांना सुचलं.

तोंडातून फेस येत होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. दंडावरचं मांस कातडीखाली आपोआप थरथरत होतं, जणू आत काहीतरी जिवंत अडकलंय. मी त्यांना उचललं. मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान होतो आणि ते मला लहान मुलासारखे हलके लागले.

मळ्याच्या दवाखान्यात एक मदतनीस होता, आणि या विषावर उतार असलेल्या इंजेक्शनांच्या सहा कुप्या. त्या सगळ्या त्यानं एकामागून एक दिल्या. आणखी हव्या होत्या. मोठं इस्पितळ एकशे दहा किलोमीटरवर, आणि मधला पूल पाण्याखाली. झैतुनीला बायकांनी न्हाणीत नेऊन साबणानं पुन्हा पुन्हा धुतलं. ती वाचली.

सकाळी म्झे शुद्धीवर आले. मी खाटेशेजारी होतो. श्वास घरघरत होता, पण मला त्यांनी ओळखलं.

"ब्वाना शांबा," ते म्हणाले, "आज शनिवार का?"

मला कळेना ते काय विचारताहेत. दिवस गुरुवारचा होता.

"म्हणजे काल शुक्रवार होता," ते म्हणाले. "माझी मोजणी चुकली. पोरीला सांगू नको. ती म्हणेल, बाबा म्हातारा झाला."

मी मान हलवली. ती 'नाही सांगणार' अशी हलवली की 'हो, काल शुक्रवार होता' अशी, हे त्यांना काय समजलं ते मला माहीत नाही. त्यांनी डोळे मिटले. बाराच्या सुमाराला गेले.

त्याच दिवशी दुपारी मला दलदलीवर जावं लागलं, मेलेली पाखरं पुरण्यासाठी. आजूबाजूच्या गावचे लोक आधीच पोती घेऊन आले होते. एवढं फुकटचं मांस त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मी आणि म्वाक्युसा धावत धावत, हात जोडून, शेवटी शिव्या घालून त्यांना हाकलत होतो. काहींनी पोती रिकामी केली, काही झाडीतून निसटली. ती पाखरं कुणी खाल्ली आणि पुढं काय झालं याची चौकशी कुणी केली नाही, मीही केली नाही.

क्वेलियांचा पाण्यावर हातभर थर होता. पण नुसते क्वेलिया नव्हते. कमळपक्षी पानांवर लांब बोटं वर करून पडले होते. घरट्यातच निपचित पडलेली भोवत्याची मादी सापडली, तिच्याखाली पिल्लं. सुगरणी किती, ते मोजलं नाही. मेलेली पाखरं खायला माराबू करकोचे उतरले होते, ते संध्याकाळपर्यंत दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खात पडू लागले. मत्स्यगरुड काठावर पंख पसरून बसला होता. मी जवळ गेलो तरी उडाला नाही, नुसता चोच उघडून माझ्याकडं बघत राहिला. आखूड गवतात तीन क्रौंच मेलेले होते. चौथा उभा होता. तो दुसऱ्या दिवशीही तिथंच उभा होता, तिसऱ्या दिवशी दिसला नाही.

फवारणीच्या अहवालाच्या छापील फॉर्मवर दोन रकाने होते. एकात क्वेलियांची अंदाजे संख्या लिहायची होती, दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'इतर'. मी क्वेलियांपुढं पंधरा लाख लिहिलं. 'इतर'मध्ये लिहिलं, किरकोळ.

आणि भातही वाचला नाही. नऊ दिवसांनी दक्षिणेकडून दुसरा थवा आला, आधीच्यापेक्षा मोठा, आणि राहिलेलं पीक त्यानं संपवलं.

म्झे गेल्यानंतर पाचव्या दिवशी चौकशी झाली. मळ्याच्या शाळेतला एक वर्ग रिकामा केला होता. जिल्ह्याहून एक अधिकारी आला होता, थकलेला, सभ्य माणूस. त्यानं आधी किमारोंना विचारलं, मग म्वाक्युसाला, मग त्या मासे वाळवणाऱ्याला. तो म्हणाला, निरोप मिळाला होता, पण म्झे आणि त्यांची मुलगी बाजाराला होडीनंच गेले होते, येताना पलीकडच्या काठानंच परस्पर रातथाऱ्यात शिरले, तळावर आलेच नाहीत. मग माझी पाळी आली. झैतुनी मागच्या बाकावर बसली होती. बाक लहान मुलांचा होता, तिचे गुडघे छातीशी आले होते.

"श्री. रणवरे, होडी जागेवर नाही हे तुम्ही पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं."

"मग धूर करण्याआधी तुम्ही काही इशारा दिलात?"

"दिला," मी म्हणालो. "हाक मारली."

"एकदा?"

"तीनदा."

त्यानं लिहून घेतलं. मग मागं बघून विचारलं, "तुम्ही हाक ऐकलीत का?"

झैतुनी उभी राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मग त्या माणसाकडं. "पाखरं उतरत असली की फार आवाज होतो, साहेब," ती म्हणाली. "आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. ब्वाना शांबांनी मारली असणार. आम्हालाच ऐकू आली नाही."

त्यानं तेही लिहून घेतलं. मृत्यू अपघाती, सर्वांनी आवश्यक ती काळजी घेतलेली, असा निकाल झाला.

मी हाक मारली नव्हती. एकही नाही. भाऱ्याजवळ उभा असताना माझ्या तोंडाशी आली होती. पूर्ण दहा मिनिटं होती माझ्याकडं. पण पाखरं उतरत होती. मी ओरडलो असतो तर सगळा थवा उठला असता, विमान रिकामं परत गेलं असतं आणि उद्या किमारोंच्या टेबलासमोर मला उभं राहावं लागलं असतं. मी मनाशी म्हणालो, निरोप पोचला असेल, होडी दुसऱ्या काठाला असेल. असेल, असेल म्हणत मी काडी ओढली. पुढं माझ्या बायकोलाही मी तीन हाकांचंच सांगितलं. मुलांनाही. इतक्या वेळा सांगितलं की मला तो आवाज कधी कधी आठवतोसुद्धा.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झैतुनी माझ्या बंगल्यावर आली. कोंडोआकडं जाणारी बस दहा वाजता होती. तिच्याजवळ एक बोचकं होतं. मी तिला व्हरांड्यात खुर्ची दिली, चहा दिला. तिनं चहा घेतला, पण खुर्चीवर न बसता पायरीवर बसली. म्हणून मीही पायरीवर बसलो.

"तुम्ही उठून गेल्यावर, शेवटी शेवटी, बाबा बडबडत होते," ती म्हणाली. "म्हणे दिवस शुक्रवारचा होता, चूक माझी आहे, ब्वाना शांबाला बोल लावू नका. डोकं ठिकाणावर नव्हतं त्यांचं."

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

"तळावरचे लोक म्हणतात, मळेवाल्यांना आमची काय पर्वा, आम्ही पाखरांतच जमा. मी त्यांना सांगितलं, असं नाही. एक माणूस होता तिथं. त्यानं तीनदा हाक मारली." तिनं कप खाली ठेवला. "मी तेवढ्यासाठी आलेय. आई विचारेल. ती सगळं नीट विचारते. तुम्ही काय म्हणून हाक मारलीत?"

"काय म्हणून म्हणजे?"

"शब्द काय होते? आईला तसेच सांगेन. तिला बरं वाटेल."

समोर अंगणात म्वाक्युसा गाडी पुसत होता. त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, चहा पिता पिता बोलावं तसं, मी म्हणालो, "म्झे शाबानी, बाहेर या. विमान आलं."

तिनं ओठ हलवून ते एकदा म्हणून पाहिलं.

"आणि माझं नाव?" तिनं विचारलं.

"झैतुनी," मी म्हणालो. "झैतुनी, तूपण ये."

"बरं झालं," ती म्हणाली. बोचकं उचलून तिनं डोक्यावर ठेवलं आणि बसच्या वाटेला लागली.